गलबत, रत्नागिरी आवृत्ती

अकबर होडेकर जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन लावून, बोटाखाली मोर्सची किल्ली दाबत त्यांनी अर्धं जग पाहिलं होतं, म्हणजे ऐकलं होतं. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुरुवातीला ती नोकरीच जगातून उठली. उपग्रहावरून बोलणारी यंत्रं आली आणि ती कप्तान स्वतःच चालवायला लागला. कंपनीनं अकबरना मुंबईत उतरवलं, त्यांचा हात हातात घेऊन दोन चांगले शब्द सांगितले आणि निरोप दिला. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस ट्रंक घेऊन रत्नागिरीला, राजिवड्यातल्या घरी आला.

घरात बायको मैमुना. मूलबाळ झालं नव्हतं. वर्षातले दहा महिने एकटी राहायची सवय झालेली मैमुना आता नवरा दिवसभर घरात बघून गोंधळली. अकबर सकाळी उठून घरातला मिक्सर उघडायचे, पुसायचे, पुन्हा बंद करायचे. मग शेजाऱ्याचा टीव्ही. मग पंखा.

"आता माझी चूल नका उघडू," ती म्हणाली. तेव्हा दोघंही हसले, पण त्याच आठवड्यात अकबरनी कॉम्प्युटर घेतला.

माळनाक्यावर एक गाळा भाड्यानं मिळाला. 'होडेकर कॉम्प्युटर्स' अशी पाटी लागली. कॉम्प्युटर जोडून देणं, दुरुस्त करणं, शिकवणं, असा तो धंदा होता. पहिल्याच महिन्यात अडचण आली. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, चाचा, विंडोज टाकून द्या, आणि ते वरचं सगळं पण. विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. गावातले बाकीचे दुकानदार कॉपी केलेल्या सीडीवरून टाकून द्यायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. अकबरना वाटायचं.

"जुम्म्याला मशिदीत उभा राहतो आणि शनिवारी चोरीचा माल देऊ?" ते मैमुनाला म्हणाले.

एका इंग्रजी मासिकाबरोबर आलेली सीडी त्यांच्या हाती लागली ती अशा वेळी. लिनक्स. विंडोजच्या जागी चालणारी, फुकट, आणि कितीही जणांना वाटा. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. आपण टाइप करायचं, यंत्रानं उत्तर द्यायचं. अकबरना ते इतकं ओळखीचं वाटलं की पहिल्या दिवशी जेवायला घरी जायचंच राहिलं. पुढे त्यावर खिडक्या, चित्रं, माऊस, सगळं आलं. एकच लिनक्स, पण निरनिराळे लोक ती आपापल्या पद्धतीनं बांधून, सजवून देतात, त्या प्रत्येक बांधणीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, हे त्यांना कळलं. आणि त्यांनी ठरवून टाकलं की येत्या पाच-सात वर्षांत घराघरात हेच असणार. फुकटचं, प्रामाणिक आणि उघडून बघता येणारं यंत्र सोडून लोक दुसरं कशाला घेतील?

मनस्वी गुरव त्या सुमाराला आली. पालीच्या आत दोन-अडीच मैलांवरचं तिचं गाव. वडील मुंबईला एका कारखान्यात होते, आई भातशेती बघायची. मनस्वी बीएस्सीला होती आणि कॉलेज सुटल्यावर एसटी मिळेपर्यंतचा वेळ तिला कुठेतरी काढायचा होता. ती क्लासला आली, चार महिन्यांत अकबरना येत होतं ते सगळं शिकली आणि मग अकबरना येत नव्हतं ते त्यांना शिकवायला लागली.

"चाचा, हे मराठीत का नाही?" तिनं एकदा विचारलं.

"कुणी केलं नाय म्हणून."

"आपण केलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे? तेच्यासाठीच तर हा उघडा ठेवलाय."

इंटरनेटवर शोधल्यावर आणखी चार-पाच जण असंच म्हणणारे सापडले. नागपूरचे एक प्राध्यापक, पुण्यातली दोन पोरं, अमेरिकेतला एक सातारकर. मेलामेली सुरू झाली आणि त्यातून एक मराठी लिनक्स उभी राहायला लागली. नाव काय द्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. अकबरनी सुचवलेलं 'गलबत' सगळ्यांना आवडलं.

ते दिवस अकबरच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. दुपारी गाळ्यात पंख्याखाली मनस्वी बसायची आणि एकेका इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधायची. मैमुना डबा घेऊन आली की तीही थांबायची. लॉग आउटला पुण्याच्या पोरांनी 'बाहेर पडा' लिहून पाठवलं होतं.

"बाहेर पडा म्हणजे हाकलून दिल्यासारखं वाटतं," मनस्वी म्हणाली.

"म्हणजे काय करायचा असता त्यात?" मैमुनानं विचारलं.

"काम झालं की निघायचं, चाची. पुन्हा यायचं तेव्हा पुन्हा यायचं."

"मग 'येतो' म्हणा. घरातसून निघताना माणूस आणखी काय म्हणतो?"

मनस्वीनं 'येतो' लिहिलं. प्राध्यापकांनी कळवलं की हे व्याकरणाला धरून नाही, आणि स्त्रियांनी काय करायचं? आठवडाभर वाद झाला. शेवटी ठरलं की ज्यांना हवं त्यांनी आपापल्या गावची आवृत्ती काढावी. त्यामुळे गलबतची रत्नागिरी आवृत्ती निघाली. तिच्यात 'येतो' होतं.

जोडाक्षरांनी फार छळलं. 'रत्नागिरी' लिहिलं की त पाय मोडून उभा राहायचा आणि न त्याच्यापासून लांब. अमेरिकेतल्या सातारकरानं पत्ता लावला, मनस्वीनं त्यानं सांगितलेलं बदललं, आणि एका दुपारी पडद्यावर गावाचं नाव नीट उमटलं. अकबरनी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसालाही आत बोलावून ते नाव दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर लिवलंय," आणि चहा पिऊन गेला. त्यात एवढं काय, हे त्याला कळलं नाही.

गावातल्या एका मुलींच्या शाळेला देणगीत जुने कॉम्प्युटर मिळाले होते. मुख्याध्यापिका मालन सुर्वे अकबरकडे आल्या. नवीन विंडोज त्या यंत्रांना झेपत नव्हती, गलबत झेपलं. अकबर आणि मनस्वीनं एकेक यंत्र साफ करून उभं केलं. पहिल्या तासाला मुली आत आल्या आणि पडद्यावरचं मराठी बघून एकदम बोलायला लागल्या. बाईंनी गप्प बसवायचा प्रयत्न केला.

"बोलू द्या," अकबर म्हणाले. "वाचता येतंय म्हणून बोलतायत."

त्या वर्षी त्यांनी मनस्वीला म्हटलं, "बाय, तुझी परीक्षा झाली की हा गाळा तूच बघ. पाटीवर तुझं नाव घालू. मी मागे बसून दुरुस्ती करीन." मनस्वी हसली. तिनं हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. अकबरनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

मग एकेक गोष्ट उलटी व्हायला लागली. कोसळलं असं काहीच नाही. भरतीचं पाणी ओसरतं, तसे लोक मागे गेले. बाजारात स्वस्त मोडेम आले, ते फक्त विंडोजवर चालायचे. प्रिंटर आले, त्यांच्या डब्यात विंडोजची सीडी असायची. अकबर पंधरा-पंधरा दिवस एका प्रिंटरपाठी लागायचे आणि तो चालू होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन आलेलं असायचं. सदू मयेकर लग्नपत्रिका छापायचा. त्यानं हौसेनं गलबत घेतलं होतं. तो एक दिवस कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आला.

"चाचा, तुमच्यात काय खोट नाय," तो म्हणाला. "पण माझ्याकडे पत्रिकेची अक्षरं हायत ना, वळणाची, ती ह्याच्यात येत नाहीत. गिऱ्हाईकाला तीच अक्षरं पायजेत. मी काय करू?"

"थांब जरा, पुढच्या आवृत्तीत..."

"लग्न थांबत नाय, चाचा."

अकबरनी त्याचा कॉम्प्युटर रिकामा करून दिला. विंडोज टाकायला सदू शेजारच्या दुकानात गेला.

सरकारी नोकरीला कॉम्प्युटरचा दाखला लागायला लागला. त्याची परीक्षा विंडोजवर असायची. होडेकरांच्या क्लासातली मुलं निम्मी झाली, मग त्याच्या निम्मी. मैमुनानं कधी विचारलं नाही की घर कसं चालतंय. जहाजावरच्या वर्षांची शिल्लक होती आणि दोघांना लागतं ते किती. पण ती डबा द्यायला आली की रिकाम्या खुर्च्या मोजल्यासारख्या नजरेनं बघायची, आणि ते अकबरना दिसायचं.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर मनस्वीच्या वडिलांचा कारखाना बंद झाला. ते गावी परतले आणि ओटीवर बसून राहायला लागले. मनस्वी दोन दिवस गाळ्यात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा कामाला हात लावला नाही.

"चाचा, पुण्यात नोकरी मिळालीय."

अकबर एका यंत्राचं झाकण उघडत होते. त्यांनी पेचकस खाली ठेवला. "कसली?"

"लिनक्सचीच."

"लिनक्सची?" त्यांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? कोण बसवतंय? शाळा? बँका?"

"तसं नाही, चाचा. सर्व्हर असतात ना, मोठी यंत्रं. वेबसाइटी असतात त्यांच्यावर. ती सगळी लिनक्सवर चालतात. त्यांच्यापुढे माणूस बसत नाही. खोलीला कुलूप असतं. मी लांबून बघायचं."

"म्हणजे पडदाच नाय?"

"नाही."

"आणि मराठी?"

मनस्वीनं तो पेचकस उचलून त्याच्या जागी ठेवला. मग म्हणाली, "मी तिथून पण करीन थोडं थोडं. रविवारी."

"कर, कर," अकबर म्हणाले. त्यांनी विचारलं, "बाबा काय म्हणतायत?"

"बाबा काहीच म्हणत नाहीत. तेच तर."

मग अकबर उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जहाजावर जाताना त्यांचे वडील त्यांच्या डोक्यावर ठेवायचे तसा. "जा तू. घराकडे बघ. गाळ्याचं माझं मी बघतो." ती गेल्यावर त्यांनी ते झाकण परत बसवलं. त्या यंत्रात काय बिघडलं होतं ते त्यांना आठवेना.

मनस्वीनं सुरुवातीचे काही रविवार खरंच काम केलं. मग कमी झालं, मग थांबलं. पुण्याच्या एका पोराचं लग्न झालं, दुसरा परदेशी गेला. प्राध्यापक निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. सातारकराचे मेल यायचे बंद झाले, का ते कळलं नाही. पुढच्या आवृत्तीला लागणारे नवे शब्द अकबर एकटेच बसून मराठीत करायला लागले. त्यांचं मराठी शाळेतलं सातवीपर्यंतचं, बाकी सगळं बंदरातलं आणि बोटीवरचं. शब्द अडला की मैमुनाला विचारायचे. महिना झाला की केलेलं काम गटाच्या पत्त्यावर पाठवून द्यायचे.

"काय म्हणाले?" मैमुना विचारायची.

"अजून नाय काय."

तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही. तरी ती दर महिन्याला विचारायची, कारण विचारलं नसतं तर ते आणखी वाईट दिसलं असतं. एकदा पाठवलेलं सगळं परत आलं. तो पत्ताच आता नव्हता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मालन बाई स्वतः गाळ्यावर आल्या. खुर्चीच्या टोकाला बसल्या.

"होडेकर, मला वाईट वाटतंय सांगायला. मुली इथून दहावी होऊन जातात. दाखल्याच्या परीक्षेला बसल्या की म्हणतात, बाई, तिथं काहीच ओळखीचं नाही. पालक येऊन भांडतात माझ्याशी. नवीन यंत्रं मंजूर झालीत, ती विंडोजची. जुनी एका वाचनालयाला द्यायचीत, पण त्यांनाही..."

"त्यांनाही विंडोज पायजे."

"हो. आणि तुमचं ते काढायचं कसं, कुणालाच माहीत नाही."

"मी काढून देतो."

"तुम्ही नका हो. कुणी दुसरा..."

"बाई, मी बसवलं. मीच काढतो. मुलींचं काय काय आत आहे ते मला ठाऊक. दुसरा सगळंच उडवील."

मे महिन्याची सुट्टी होती. शाळा रिकामी, व्हरांड्यात बाक एकावर एक रचलेले. अकबरनी आधी मुलींची सगळी कामं एका सीडीवर उतरवून घेतली. निबंध होते, गणपतीची चित्रं होती, एका मुलीनं घरच्या आंब्याच्या पेट्यांचा तक्ता केला होता, एकीनं नुसतं आपलं नाव पानभर लिहिलं होतं. मग ते पहिल्या यंत्रासमोर बसले.

पुसायची आज्ञा दिल्यावर पडद्यावर एक चौकट आली. हा मजकूर मनस्वीनं लिहिला होता, पण तो वाचायची वेळ अकबरवर कधी आली नव्हती. आपलं गलबत कुणी पुसेल, असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

'यातलं सगळं जाईल. खरंच पुसू का?'

खाली दोन बटणं. 'हो, पूस.' 'नको, राहू दे.'

मालन बाई मागे उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं. त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. अकबरनी 'हो, पूस' दाबलं. मग पुढच्या यंत्राकडे गेले. तिथंही तोच प्रश्न आला. प्रत्येक यंत्रानं विचारलं. तिसऱ्या-चौथ्यानंतर ते चौकटीकडे न बघताच बटण दाबायला लागले, बटणाची जागा माऊसला आता पाठ झाली होती.

शिपायानं सरबत आणून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

त्यानंतर गाळा चालला, पण मोबाइलच्या रिचार्जवर आणि झेरॉक्सवर. अकबर कुणाला लिनक्सबद्दल सांगेनासे झाले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चांगली सिस्टीम आहे," आणि पुढचा कागद झेरॉक्सला लावायचे. मग गाळाही सोडला.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात मनस्वी घरी आली. पाच वर्षांत दोनदाच आली होती, दोन्ही वेळा घाईत. या वेळी निवांत बसली. मैमुनानं तिच्यासाठी सांदणं केली होती. मनस्वीनं पिशवीतून वहीएवढा छोटा लॅपटॉप काढला.

"तुमच्यासाठी, चाचा. हा लिनक्स घालूनच विकत मिळतो. दुकानात. मी मागाहून त्यावर नवीन आवृत्ती टाकलीय."

अकबरनी तो हातात घेतला. "घालूनच मिळतो?" त्यांनी पुन्हा विचारलं. "लोक घेतात?"

"घेतात थोडे. बरेच जण घरी नेऊन विंडोज टाकून घेतात." तिला खोटं बोलता येत नव्हतं. मग घाईघाईनं म्हणाली, "पण हे बघा." तिनं भाषा बदलली. पडदा मराठी झाला. सगळा, मेनूपासून तळाच्या शेवटच्या सूचनेपर्यंत. एक जोडाक्षर मोडलेलं नव्हतं.

अकबर चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. एकेक मेनू उघडत होते, बंद करत होते. मनस्वीला कळलं ते काय शोधतायत. तिनं पुण्यात हे आधीच शोधून पाहिलं होतं.

"आपलं नाही ते, चाचा," ती हळूच म्हणाली. "नव्या लोकांनी पहिल्यापासून केलंय. त्यांना आपलं सापडलंच नसेल. आपली साइट तर केव्हाच बंद झाली."

"चांगलं केलंय," अकबर म्हणाले. "आपल्यापेक्षा चांगलं. सगळीकडे सारखं आहे बघ."

मैमुना सांदणांची ताटली घेऊन उभी होती. "मग तुमी केलेला तां खंय गेला?" तिनं विचारलं.

मनस्वीनं ताटली तिच्या हातातून घेतली.

ती परत गेल्यावर अकबर तो लॅपटॉप रोज उघडायचे. बातम्या वाचायचे, बोटी कुठे कुठे आहेत ते बघायचे. पुढे एकदा भाच्याचा जुना प्रिंटर जोडून बघत होते, तेव्हा पडद्यावर आलं, 'छपाईयंत्रासाठी बंदर निवडा.' अकबर मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी.

"काय झाला?" मैमुना आतून आली.

"बंदर निवडा म्हणतंय. प्रिंटरला. पोर्टचं बंदर केलंय."

"मग सांगा मिरकरवाडा," तिनं गावातल्या बंदराचं नाव घेतलं, आणि तीही हसली. मग म्हणाली, "त्यांना कळवा की. चुकलाय तर."

भाषांतर करणाऱ्यांचा पत्ता तिथंच होता. अकबरनी मेल लिहिला. 'मी अकबर होडेकर, रत्नागिरी' असं लिहून ते थांबले. पुढे आपण कोण हे लिहायला हवं होतं. त्यांनी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी इतकंच कळवलं की इथं बंदर हा शब्द बरोबर नाही, जोडणी म्हणावं, किंवा पोर्टच ठेवावं.

उत्तर लगेच आलं. त्यांनी सवय नसल्यासारखं ते दोनदा वाचलं. कुणी तरुण मुलगा होता. 'धन्यवाद काका, पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करतो. तुमची सूचना फार नेमकी आहे. तुम्ही याआधी कधी लिनक्सच्या भाषांतराचं काम केलंय का?'

अकबरनी लिहिलं, 'नाही.' आणि पाठवून दिलं.

मैमुना खांद्यावरून बघत होती. तिला मराठी वाचता येत होतं. "असा कसा लिवलंत?" ती म्हणाली. "एवढी वर्सां काय केलंत मग?"

"नवीन पोरगा आहे," अकबर म्हणाले. "त्याला कशाला सांगायचं, आधी कुणीतरी केलं होतं आणि ते राहिलं नाय म्हणून. काम करतोय, करू दे."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. बाहेर खाडीत होड्या परतत होत्या आणि इंजिनांचा आवाज घरात येत होता. बऱ्याच वेळानं तिनं त्यांच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला, आणि त्यांनी तो ठेवू दिला.